अकरावीचे विषय ते कॅप (केंद्रीय प्रवेश) राउंड: खान्देशातल्या सायन्सच्या मुलांनी दोन वर्षं कोणत्या क्रमानं काढावीत

दहावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बहुतेक घरांत कामं ठरलेल्या क्रमानं होतात. आधी क्लासची फी भरली जाते. मग क्लासवाले सांगतील त्या कॉलेजात अकरावीचा प्रवेश घेतला जातो आणि तिथे जे विषय मिळतील ते पदरात पडतात. कोणती प्रवेश परीक्षा द्यायची हे बारावीच्या दिवाळीनंतर ठरतं. जात वैधता (जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणीचं प्रमाणपत्र) आणि नॉन-क्रीमी लेअर (कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला) यांची आठवण येते ती जूनमध्ये, सेतू केंद्रासमोर रांगा लागल्यावर.

हा क्रम उलटा करायला हवा. आधी कोणती पदवी घ्यायची ते ठरवा, त्यावरून परीक्षा, परीक्षेवरून विषय, विषयांवरून कॉलेज आणि सगळ्यात शेवटी क्लास. कागदपत्रांचं काम अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून शेजारी चालू ठेवायचं.

## १. आधी परीक्षा ठरवा

"पोऱ्या हुशार शे, सायन्सलेच टाकी द्या" एवढ्यावर निर्णय होतो आणि पुढचं राहून जातं. सायन्स घेतल्यावर कोणती परीक्षा कुठे नेते, हे एका कागदावर लिहून काढा.

राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी, म्हणजे जळगावचं शासकीय अभियांत्रिकी असो, शिरपूर असो की पुणे, एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट लागतो. एनआयटीसाठी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) जेईई मेन. आयआयटीसाठी मेनमधून वर येऊन जेईई ॲडव्हान्स्ड. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएससाठी नीट. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेशही राज्यात नीटवरूनच होतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शासकीय कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून भरतात, म्हणून नीट देणाऱ्यानं राज्य कोट्याची यादी आधी अभ्यासावी. बी. फार्मसी आणि बी.एस्सी. ॲग्री या दोन्हींना सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र), कोणताही गट चालतो. हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं.

एक मुख्य परीक्षा आणि तिच्या जवळची एक जोडपरीक्षा निवडा. जेईई आणि सीईटी पीसीएम एकत्र जातात, नीट आणि सीईटी पीसीबी एकत्र जातात. जेईई आणि नीट दोन्हींच्या मागे एकाच वेळी लागू नका. बहुतेक मुलांची त्यात दोन्हीकडे तयारी अर्धी राहते.

आणि पॉलिटेक्निकचा रस्ता चर्चेतच येत नाही, तो आणा. ज्या मुलाला यंत्रं आणि वायरिंग यांत रस आहे, त्यानं दहावीच्या गुणांवर डिप्लोमाचा अर्ज अकरावीच्या अर्जासोबतच भरावा. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

तपासा: मुलानं स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या का? मुख्य परीक्षा कोणती, आणि ती नाही जमली तर कोणती पदवी चालेल. दुसऱ्या ओळीचं उत्तर घरात सगळ्यांना मान्य असायला हवं.

## २. मग विषय

इंग्रजी सक्तीचं. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या चर्चेत ठरलेलेच. खरा प्रश्न तीन जागांचा असतो: गणित, जीवशास्त्र आणि दुसरी भाषा.

गणित सोडण्याचा निर्णय सर्वांत घाईनं होतो. नीट द्यायची म्हणून गणित सोडलं आणि पुढे नीटमध्ये गुण कमी पडले, तर इंजिनिअरिंगचं दार बंद झालेलं असतं, कारण त्याला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचं आहे. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) लेखी परीक्षेतही गणिताचा ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो, हवाई दल आणि नौदलासाठी बारावीत गणित लागतंच. म्हणून ज्याचा दुसरा पर्याय पक्का नाही त्यानं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावं. ज्याचा नीटचा निश्चय पक्का आहे आणि दुसरा पर्याय बीएएमएस, फार्मसी किंवा ॲग्री आहे, त्यानं खुशाल सोडावं. पण गणित सोडलं तरी त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, सदिश आणि विकलन-संकलनाची तोंडओळख अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत करून घ्यावीच लागते. नाहीतर नीटचं भौतिकशास्त्र अडतं आणि ते का अडलं हे मुलाला कळतही नाही.

बायफोकलबद्दल नीट समजून घ्या. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स असे हे विषय २०० गुणांचे असतात आणि ते दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय या दोघांची जागा घेतात. म्हणजे बायफोकल घेतलं की साधारणपणे गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एकच उरतं. ज्याचं इंजिनिअरिंग पक्कं आहे त्याला हे सोयीचं आहे. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर नाही.

दुसरी भाषा म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या मुलानं मराठी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. कमी वेळात गुण मिळतात, आणि ते गुण उपयोगी पडतात: एनआयटी, आयआयटीसाठी बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५ टक्के) किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये (म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत) असण्याची अट असते.

सावधान: अर्जात भरलेले विषय आणि प्रवेशाच्या पावतीवरचे विषय जुळतात का, ते त्याच दिवशी पाहा. बारावीचा परीक्षा अर्ज भरताना चूक सापडली तर दुरुस्ती अवघड होते.

## ३. कॉलेज निवडताना

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं होतात, त्यामुळे खान्देशातही ओळखीवर जागा धरून ठेवण्याचे दिवस गेले. अर्जात १० पर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून "बघू, मिळालं तर" म्हणून कुठलंही नाव पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

कॉलेज पाहायला स्वतः जा आणि प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. टेबलावर धूळ असेल, ब्युरेट कपाटात बंद असेल, तर प्रॅक्टिकल होत नाहीत हे समजा. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात.

नाव एका गावच्या कॉलेजात आणि मुलगा दिवसभर शहरातल्या क्लासमध्ये, ही पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे. तिचे तोटे तीन. बारावीच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरीची अट आहे, आणि कडक तपासणी झाली तर अडचण मुलाची होते. प्रॅक्टिकलचा हात बसत नाही. आणि दाखल्याला, बोनाफाईडला, जात वैधतेच्या पत्राला ज्या कॉलेजात जायचं तिथे मुलाला कोणी ओळखतच नाही.

रोजचा प्रवासही मोजा. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून शहादा-नंदुरबारला रोज ये-जा करून सायन्स होत नाही. चोपडा, यावल, साक्रीकडच्या आतल्या गावांचीही तीच गत. आदिवासी विकास आणि समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहांचा अर्ज कॉलेज प्रवेशापेक्षा वेगळा असतो, तो प्रवेश झाल्याबरोबर भरा.

## ४. क्लास

क्लास निवडताना फक्त तीन गोष्टी विचारा: तुकडीत किती मुलं, चाचणीनंतर चुका कोण समजावून सांगतं, आणि मध्येच सोडलं तर फी किती परत. उत्तरं लेखी घ्या. दोन वर्षांची फी एकदम भरू नका. मुलगा लातूर-नांदेडला किंवा राजस्थानातल्या कोट्याला पाठवायचा की नाही, हे त्याच्या स्वभावावर ठरवा, शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून नको.

इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. टॅब आणि इंटरनेट डेटाही तिच्याकडून मिळतो. नोंदणी दहावीच्या निकालानंतर निघते, तेव्हा संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

## ५. कागदपत्रं: अकरावीतच सुरुवात

चांगले गुण मिळूनही हातची जागा जाते ती बहुतेक वेळा इथे.

नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं: पाटील, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा मुलाचं नाव आधी असतं, आणि कुठे वडिलांच्या नावाला "भाऊ" किंवा "राव" चिकटलेलं असतं, कुठे नसतं. राष्ट्रीय परीक्षांच्या अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि जन्मतारीख प्रमाण मानली जाते. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. फरक असेल तर अकरावीतच आधार दुरुस्त करा.

जात वैधता. यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. अर्ज अकरावीत, कॉलेजच्या पत्रासह करा. वडील, आजोबा, शक्य तर पणजोबा यांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल शोधावी लागते. पुरावा जुन्या तारखेच्या आधीचा हवा: अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा. आजोबांची शाळा बऱ्हाणपूर किंवा निझरकडे झाली असेल तर कागद परराज्यातून आणायचे आहेत, तेव्हा सुट्टीत आधी तिकडची फेरी करा. काकांना किंवा चुलतभावाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत जोडा, काम सोपं होतं.

दोन वेगळे दाखले. राज्याचं नॉन-क्रीमी लेअर आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदं आहेत. आयआयटी, एनआयटी आणि नीटच्या अखिल भारतीय कोट्याला केंद्राचा नमुना लागतो, आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला हवा. आर्थिक दुर्बल घटकाचंही तसंच. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण फक्त राज्याच्या प्रवेशात चालतं, केंद्राच्या अर्जात ते भरता येत नाही.

उत्पन्नाचा दाखला. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. ती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळते, व्यवस्थापन कोट्याला नाही. पोरीच्या फीच्या धास्तीनं जवळचं मिळेल ते कॉलेज धरण्याआधी हा हिशेब घरात बसून करा.

तपासा: अधिवास, जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रीमी, उत्पन्न. पाचही कागद स्कॅन करून बारावीच्या दिवाळीपर्यंत आईच्या किंवा वडिलांच्या फोनमध्ये हवेत.

## ६. अकरावी वाया घालवू नका

अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं, म्हणून मुलं वर्षभर सैल राहतात. सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या निवडक प्रकरणांना असतो. नीट आणि जेईईत तर अकरावीचा अभ्यासक्रम बारावीच्या बरोबरीनं येतो. बारावीत तो नव्यानं वाचायला वेळ मिळत नाही.

पुस्तकांचा घोळ करू नका. सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर, नीट आणि जेईई एनसीईआरटीवर. दोन्हींच्या पीडीएफ अधिकृत संकेतस्थळांवर मोफत आहेत. नीटच्या मुलानं जीवशास्त्राचं एनसीईआरटी आकृत्या आणि तक्त्यांसकट ओळन्ओळ वाचावं, बाकी जाड गाइडं नंतर. सीईटीसाठी बालभारतीच्या पुस्तकातलं प्रत्येक सोडवलेलं उदाहरण आणि स्वाध्याय आधी संपवा. अकरावीची कोणती प्रकरणं घ्यायची याची यादी सीईटी कक्ष जाहीर करतो. आजवरच्या यादीत भौतिकशास्त्रात गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ध्वनी, प्रकाशिकी, स्थिर विद्युत अशी प्रकरणं आहेत. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, फलनं.

माध्यमाचा प्रश्न मराठी शाळेतून आलेल्यांना जड जातो. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात, पण जेईई ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. सीईटीत गणित फक्त इंग्रजीतून येतं. शिवाय भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो, आणि कॉलेजात बहुतेक ठिकाणी शिकवणं इंग्रजीतून असतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक प्रकरणाची मराठी-इंग्रजी शब्दांची वही करा: जडत्व, त्वरण, विसरण, अपस्करण. एकदा शब्द ओळखीचे झाले की पेपर इंग्रजीतून देणंच सोयीचं पडतं.

## ७. बारावीचं वेळापत्रक

जून ते ऑक्टोबर नवा अभ्यासक्रम. जेईई मेनचा पहिल्या सत्राचा अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो, परीक्षा जानेवारीत. दुसरं सत्र एप्रिलमध्ये, दोन्हींतला चांगला गुण धरतात. नीटचा अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, परीक्षा मेच्या सुरुवातीला. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याआधी प्रॅक्टिकल. सीईटी एप्रिल-मेमध्ये. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून अधिकृत संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडण्याचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबू नका.

डिसेंबरच्या मध्यापासून बोर्डाचा लेखी सराव सुरू करा. फक्त बहुपर्यायी प्रश्न सोडवलेल्या मुलाचा हात बोर्डाच्या पेपरात चालत नाही. इंजिनिअरिंगला बारावीत संबंधित विषयांत किमान ४५ टक्के (राज्यातल्या मागासवर्गाला ४०), आणि एमबीबीएसला खुल्या वर्गात ५० टक्के लागतात. बोर्डात घसरलं तर पर्सेंटाइल असून उपयोग नाही.

सावधान: कापूस वेचणी आणि केळीची कापणी या दिवसांत घरी माणूस कमी पडतो. ऑक्टोबर ते जानेवारी बारावीच्या मुलाला त्यातून मोकळं ठेवा. हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, पण हेच चार महिने पुन्हा मिळत नाहीत.

## ८. सराव चाचणी आणि चुकांची वही

वेळेचं गणित आधी समजा. सीईटीत भौतिक-रसायनचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, प्रत्येकी २ गुण. आधीचा उरलेला वेळ तिकडे नेता येत नाही. नीटला १८० प्रश्न १८० मिनिटांत. जेईई मेनला ७५ प्रश्न ३ तासांत. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. नीट आणि जेईईत बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा, तेव्हा तिथे अंदाजपंचे चालत नाही. दोन्ही प्रकारचे पेपर एकाच सवयीनं सोडवणं ही फार नेहमीची चूक.

दर आठवड्याला एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून. पण पेपर सोडवण्याइतकाच वेळ तो तपासायला द्या. वहीत तीन रकाने आखा: येत नव्हतं, घाईत चुकलं, आठवलं नाही.

एक उदाहरण. २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० व्होल्टवर आहे, साठलेली ऊर्जा किती? सूत्र बरोबर आठवलं, अर्धा गुणिले सी गुणिले व्ही वर्ग. उत्तर काढलं १०,००० ज्यूल, आणि तो आकडा पर्यायांत होताही. खरं उत्तर ०.०१ ज्यूल, कारण मायक्रोचा, म्हणजे दहाचा उणे सहावा घात राहून गेला. ही चूक "येत नव्हतं" मध्ये टाकली तर मूल सगळं प्रकरण पुन्हा वाचत बसेल. ती "घाईत चुकलं" मध्ये जाते, आणि इलाज एवढाच की आकडे मांडताना प्रत्येकाचं एकक शेजारी लिहायचं. तसंच जीवशास्त्रात "चुकीचे विधान कोणते" हे "बरोबर विधान कोणते" असं वाचलं जातं. त्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ ओढायची सवय लावा.

महिन्याच्या शेवटी रकाने मोजा. "घाईत चुकलं" मध्ये जास्त भरणा असेल तर नवीन पुस्तक किंवा नवा क्लास नको, वेग कमी करायला हवा.

आणखी एक: पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के मुलं तुमच्याएवढ्याच किंवा त्यापेक्षा कमी गुणांवर आहेत. हे घरच्यांना आधीच समजावून सांगा, निकालाच्या दिवशीचा गोंधळ टळतो.

## ९. उन्हाळा आणि परीक्षेचा दिवस

नीट दुपारी २ ते ५ या वेळेत असते आणि दीडला गेट बंद होतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४ अंशांपुढे जातो. वर्षभर पहाटे अभ्यास केलेल्या मुलाला त्या वेळी झापड येते. म्हणून एप्रिलमधले सगळे सराव पेपर दुपारी २ लाच सोडवा, पंख्याखाली, पोटभर जेवण न करता. केंद्र परगावी असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा. भर उन्हात एसटीतून उतरून थेट परीक्षेला बसवू नका.

## १०. कॅपचा ऑप्शन फॉर्म (पसंतिक्रमाचा अर्ज)

इथे पालक कटऑफ पाहून "हे मिळणारच" अशी कॉलेजं वर टाकतात. ते चूक आहे. हवं ते आधी, मिळेल ते नंतर. इंजिनिअरिंगच्या २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली की जागा आपोआप निश्चित धरली गेली. म्हणजे वरच्या सहा ओळींत असं एकही नाव नको, जिथे मुलाला खरं तर जायचं नाही. शाखा महत्त्वाची की कॉलेज, हे फॉर्म भरण्याआधी मुलाकडून वदवून घ्या.

शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी हे अक्षर. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर तो कोड स्वतंत्र ओळीत, मूळ कोडच्या वर टाका. मूळ कोड भरला म्हणजे तो आपोआप येतो असं नाही.

फॉर्म सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. लॉगिन आणि ओटीपी येणारा मोबाइल नंबर घरचाच द्या. कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढून मुलानं आणि पालकांनी प्रत्येक ओळीचा कोड, शाखा आणि गाव मोठ्यानं वाचून पाहावं, आणि मगच कन्फर्मचं बटण दाबावं.